गार पाण्याचा पंप

बिअर घरी करायची म्हणजे जवाचा गोड काढा तासभर उकळायचा, गरम असतानाच झाकणाच्या पिंपात भरायचा आणि निवला की आंबायला सोडायचा. एवढंच. पण आमची शेगडी गॅलरीत जमिनीवर आणि पिंप टेबलावर, कारण पुढे त्याच्या तोटीतून बाटल्या भरायच्या असतात. मधल्या त्या अडीच फुटांनी माझी कंबर धरली. भरलेलं पातेलं उचललं आणि आठवडाभर आडवा झालो. शेक देऊन कंटाळलेल्या बायकोने निकाल दिला, "पुन्हा ते हाताने उचललंत तर पातेलं आणि पिंप दोन्ही भंगारात. बिअर बंद!"

म्हणून पंप. कोणता पंप किती उंच चढवतो, किती उष्णता सोसतो, महिनाभर वाचून सगळं तोंडपाठ केलं आणि कसबा पेठेतल्या एका दुकानात गेलो. मालक कपाळाला गंध लावून बसलेले.

"पंप कशासाठी हवाय?"

आता पन्नाशीच्या गृहस्थाने, सकाळच्या पारी, गंध लावलेल्या माणसाला 'बिअरसाठी' असं कसं सांगायचं? माझ्या तोंडून निघालं, "कारंज्यासाठी."

"पाणी गरम नाही ना?"

"कारंजं गरम पाण्याचं कोण करतं?" वर मीच हसलो.

मिळाला तो मुठीएवढा, निळ्या प्लॅस्टिकचा, पाण्यात बुडवायचा पंप. म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम, सोसेल बिचारा. नाही सोसलं. आधी गुरगुरला, मग दोऱ्याएवढी धार काढली आणि मऊ पडून गप्प झाला. मी प्लग काढेपर्यंत वास स्वयंपाकघरात पोचला होता.

"अहो, बादली जळतेय का कुठे?"

"बादली नाही. पंप."

तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "आता उचलणार?"

उचललं नाही. प्लॅस्टिक उतरलेला सगळा काढा मगाने मोरीत ओतला, वाकून वाकून. ती दारात पहाऱ्याला उभी. कंबर दुखायची ती दुखलीच.

पुन्हा दुकान. गल्ल्यासमोर तो वितळलेला गोळा ठेवला. मालकांनी पेन्सिलीने उलटा केला.

"कारंज्यात काय उकळत होतात?"

"बिअर." वाटेत घोकून आल्यामुळे जरा मोठ्यानेच निघालं. मागे वॉशर निवडणाऱ्या आजोबांनी चष्मा वर केला.

"मग परवा काय तोंडात सुपारी होती? उकळतं सोसणारा, खाण्याच्या वस्तूंना चालणारा स्टीलचा पंप हा तुमच्या नाकासमोर आहे. काकवीवाले नेतात. ओढत नाही हा, ढकलतो. पातेल्याच्या खाली ठेवा आणि चालू करण्याआधी तो भरून घ्या."

"आणि हा परत...?"

"वितळलेला माल आम्ही विकत नाही. घेतही नाही."

पुढच्या खेपेला पातेल्याच्या बुडाशी तोटी बसवून घेतली, शेगडी विटांवर चढवली, पंप खाली ठेवला. काढा सरळ पिंपात! बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. तोटीखालचा तांब्याभर मात्र पंपाला येईना. पातेलं जरासं कलतं करावं म्हणून मी वाकलो.

"अहो! हात मागे!"

तेवढी बिअर दर खेपेला ती मोरीत ओतते. मी हात मागे बांधून बघत उभा राहतो.