कोयत्यातली बाई

“हात दाखव,” सर म्हणाले. सगळ्या वर्गासमोर. मी दाखवले. बोटांवर उसाच्या पात्यांचे जुने चरे होते.

“ह्या हातांनी कीबोर्ड चालवणार? आधी धुऊन ये.”

पोरं हसली. मी खरंच धुऊन आले. त्याचीच लाज मला जास्त वाटते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगरला डेटाबेसचा वरचा कोर्स करत होते. माहितीची टेबलं आखायची, एकमेकांना जोडायची, साहेबांना हवा तो रिपोर्ट काढायचा. फार आवडायचं. पण बसायचे जीव मुठीत धरून. आम्ही पाथर्डीकडचे, बौद्ध, ऊस तोडणारे. कुणाला कळू नये म्हणून आडनाव पुटपुटायचे. सरांनी ते नीट ऐकलं होतं.

शेवटच्या प्रोजेक्टला एका साखर कारखान्याची तोडणीची यादी आली. सरांनी फळ्यावर एकच टेबल आखलं. एक कोयता, एक ओळ, एक नाव. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. नाव त्याचं. मी मुकाट भरत गेले. यादीत माझा बापही होता. मग रिपोर्ट काढला. महिला कामगार: शून्य.

बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी आईनं मोळी उचलली होती. मी पाहिलंय. ती शून्य?

मी दुसरं टेबल आखलं, माणसांचं. प्रत्येक कोयत्याला दोन माणसं जोडली. आईचं नाव लिहिलं. बाकी बायकांची नावं यादीत नव्हतीच. त्या जागा रिकाम्या ठेवल्या.

सर मागं येऊन उभे राहिले. “ही कोण?”

“माझी आई हाय, सर.” इतके दिवस दाबलेली गावची बोली निसटली.

“पुसून टाक. नाहीतर सर्टिफिकेट विसर.”

सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी. नोकरी लागली तर आईची तोडणी सुटणार होती. बोट पुसायच्या बटणावर होतं. ते मी उचललं.

“न्हाई पुसायची,” मी म्हणाले.

सर्टिफिकेट मिळालं नाही. दसरा झाला आणि आई पुन्हा तोडणीला निघाली. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “माझं नाव नीट लिव्हलं हुतंस का?”

“व्हय.”

अजूनही मागं कुणी उभं राहिलं की मला घाम फुटतो. फुटू दे. हात धुवायला मी उठणार नाही. त्या रिकाम्या जागा भरणार, उसाच्या फडात जाऊन, एकेका बाईला तिचं नाव विचारून.