शिरवडकर मॅडम आणि मधला फोन

शिरवडकर मॅडमची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यावर ओरडले म्हणून. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात मी शिपाई म्हणून नवीनच लागले होते. लॅबच्या लादीवर एक बाई वायरी पसरून बसलेल्या. मी म्हटलं, "ओ बाई, उठा, पुसायचंय." त्यांनी मुकाट्याने वायरी गोळा केल्या. त्या विभागप्रमुख आहेत हे मला दुपारी कळलं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मी सातवी शिकलेली. मॅडमचं काम मला समजलं तेवढंच लिहिते. मोबाइलचा टॉवर बंद पडला तर एका फोनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप पोचवायचा, आणि त्यात चार्जिंग कमीत कमी जावं. यावर त्या आणि त्यांचे विद्यार्थी वर्षभर खपत होते.

चाचणीला फोन कमी पडले, तेव्हा माझाही घेतला. माझं स्टूल दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी, बरोबर मधे. वरचे निरोप खाली, खालचे वर, सगळे माझ्याच फोनमधून. सकाळी फुल केलेला फोन जेवायच्या आत बंद. दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी माझी लेक वाकोल्याला घरी एकटी, नववा महिना भरलेला. बंद फोन बघून माझं डोकं फिरलं. लॅबमध्ये जाऊन तो टेबलावर आपटला.

निखिल म्हणून त्यांचा विद्यार्थी होता. म्हणाला, "मावशी, चिडू नका ना. एकूण चार्जिंग किती वाचतंय बघा. झकास रिझल्ट आहे."

मॅडमनी विचारलं, "कोणाचं वाचतंय रे?"

"सगळ्यांचं, मॅडम."

"मावशींचं?"

त्याने माझा बंद फोन उचलून चार्जिंगला लावला.

मॅडमनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मी घरी लावला. लेक म्हणाली, "आई, कधीची लावतेय तुला. कळा येतायत गं." मॅडम रिक्षात माझ्यासोबत बसल्या. संध्याकाळी नात झाली.

दुसऱ्या दिवशी या कामावरचा लेख छापायला पाठवायची शेवटची तारीख. निखिल काकुळतीला आला. "मधल्या फोनवर ताण येतो असं एक वाक्य घालू या ना. नाहीतर वर्ष फुकट जाईल, मॅडम."

"जाऊ दे. एकाला संपवून बाकीच्यांचं वाचवलं, त्याला मी बचत म्हणणार नाही."

मी झाडू घेऊन दारात उभी. वाटलं, माझ्या तोंडामुळे पोरांची वाट लागली.

त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. ज्याचं चार्जिंग उतरलंय त्या फोनने थांबायचं, दुसऱ्याने पाळी घ्यायची, निरोपाला लांबचा रस्ता पडला तरी चालेल. एकूण बचत कमी झाली. पण नव्या चाचणीत संध्याकाळपर्यंत एकही फोन बंद पडला नाही. मॅडमनी माझा फोन हातात घेतला, चालू आहे बघितलं, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

एवढ्या शिकलेल्या बाई शिपाईणीच्या एका भांडणावरून आपलं वर्षाचं काम मोडतात आणि परत उभं करतात, हे मी डोळ्यांनी बघितलं. कोणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

आज मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली. देवा, त्यांना शंभरी दे. पण नुसती वर्षं मोजून देऊ नकोस. त्यातला एकेक दिवस त्यांना ठणठणीत जाऊ दे.