देवीची साडी आणि गाडीचा दम

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? चहा घ्या आधी. ऐकून झाल्यावर माझ्या हातचा प्याल की नाही, देव जाणे!

शाळेची पायरी मी चढले नाही, पण इंजिनाचं मला कुणी शिकवू नये, ही माझी घमेंड. वांगणीला आमच्या मळ्यावर पाण्याचं डिझेल इंजिन होतं. हे घरी नसले की हँडल मीच मारायची. खटका वर केला की चाक हलकं फिरतं. खटका पाडला की आतून असा दाब येतो की खांद्यापर्यंत झटका बसतो. तो दाब म्हणजे इंजिनाचा दम. दम आहे तर इंजिन, नाहीतर नुसतं लोखंड.

एकदा टाकीतलं पाणी आटलं, इंजिन तापलं, तरी ह्यांनी चालूच ठेवलं. दम गेला. मी चार माणसांत ह्यांना बोलले, "तापलेलं इंजिन बंद करायची अक्कल नाही तुम्हाला?"

हे बोलणं लक्षात ठेवा. तेच माझ्या डोक्यात पडणार आहे.

आता आम्ही बदलापुरात, बेलवलीला राहतो. मुलगा संतोष अंबरनाथच्या कारखान्यात जातो, त्याची गाडी आहे. दसऱ्यानंतर ती गाडी लंगडायला लागली. सकाळी चालू केली की नुसती थडथड! चार पायांच्या म्हशीने तीन पायांवर चालावं तशी.

संतोषने ती उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये किशनभाईकडे नेली. सिंधी माणूस, पंधरा वर्षांची ओळख. गॅरेजात पाय ठेवला की आधी पाणी आणि भाजलेला पापड, मग गाडीचं बोलणं. मला अम्मा म्हणतो.

त्याने प्लग बदलले. थडथड तशीच. मग कॉइल बदलली. थडथड तशीच! तिसऱ्यांदा म्हणाला, इंजिन खोलावं लागेल.

माझं डोकं फिरलं. "संतोष, हा फसवतोय रे! चांगले पार्ट काढले आणि जुने घातले."

"आये, तसा नाय तो माणूस."

"तू गप. इंजिन मला शिकवतोस?"

बरं, घरात बोलून गप्प बसावं ना? नाही! भजनी मंडळात टाळ खाली ठेवले आणि सुरू झाले. आरती होईपर्यंत किशनभाईला मी अट्टल चोर करून टाकला. मंडळातल्या जनाबाईच्या मुलाचा टेम्पो त्याच्याकडे दुरुस्तीला उभा होता. तिने दुसऱ्या दिवशी उचलून आणला. तिचं बघून आणखी दोन घरांनी गाड्या हलवल्या.

किशनभाईच्या कानावर गेलंच. त्याने संतोषला एवढंच सांगितलं, "अम्मा को ले के आ. उनके सामने करूँगा."

मी गेले. पदर खोचूनच गेले! पापड पुढे आला, मी हात लावला नाही.

त्याने प्लग काढले, प्लगच्या चारी भोकांत एकेक करून दाब मोजायचं घड्याळासारखं मीटर घट्ट बसवलं आणि स्टार्टर मारायला लावला. "देखो अम्मा, काँटा." पहिल्यात काटा झरझर वर गेला. चौथ्यातही गेला. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अर्ध्यावरच बसला.

मग त्या दोन भोकांत थोडं तेल सोडून पुन्हा बघितलं. काटा तिथेच.

"तेल से भी नहीं उठा, मतलब रिंग ठीक है. बाजू-बाजू के दोनों गए, तो बीच का गॅस्केट जला है. दम इसमें से उसमें निकल जाता है."

दम म्हणाला आणि माझा उजवा खांदाच दुखला बघा. हा माणूस खरं बोलतोय, हे माझ्या हाताला आधी कळलं, डोक्याला मागून.

"भाऊ," किशनभाई संतोषकडे वळला, "फिर से पूछता हूँ. गाडी कभी गरम हुई थी?"

"नाय. कधीच नाय."

असं म्हणताना पोरगा बघत होता स्वतःच्या चपलांकडे. आणि मला खोपोलीचा घाट आठवला.

दसऱ्याला आम्ही कार्ल्याला एकवीरा आईला निघालो होतो. आईची हिरवी साडी मी गाडीच्या तोंडावर बांधली. घडी करून, आडवी, गच्च! वर झेंडूचा मांडीएवढा हार. इंजिनाला वारा शिरायला बोटभर जागा ठेवली नाही. घाटात संतोष म्हणाला, "आये, लाल दिवा पेटलाय. थांबवतो. ती साडी तरी सोडतो."

मी काय म्हणाले असेन? "खबरदार! आईच्या नावाने बांधलेली साडी वाटेत सोडतात? चल पुढे, आई बघून घेईल!"

आईने बघितलं हो. काय करणार ती बिचारी? गाडीत माझी आई होऊन थोडीच बसली होती, की म्हणेल, बये, अक्कल नाही तुला?

आणि पोरगा माझ्यासाठी पंधरा वर्षांच्या ओळखीच्या माणसाशी खोटं बोलत होता.

"झाली होती गरम," मी म्हणाले. "मीच थांबू दिली नाही."

किशनभाई गल्ल्याकडे गेला. गल्ल्याखालून कागदाची पुडी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. आत सुकलेला झेंडू आणि हिरवा धागा.

"पहले दिन ही रेडिएटर की जाली से निकला. माताजी का है, कचरे में कैसे डालूँ?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस रे?"

"बेटे ने ना बोला, अम्मा. मैंने मान लिया."

त्याने पापड पुन्हा पुढे केला. घेतला.

चुगली मी एका संध्याकाळात बेलवलीभर नेली होती. माफी न्यायला महिना लागला, आणि कुणी धड ऐकून घेईना. जनाबाई तर तोंडावर म्हणाली, "पापडावर विकली गेलीस वाटतं!" दोन गाड्या परत गेल्या. तिचा टेम्पो अजून गेलेला नाही. तो कुठे दिसला की मी मान खाली घालते.

गाडी छान चालते आता. कार्ल्याला जाताना देवीची साडी मी मांडीवर घेऊन बसते.

आणि किशनभाई? बदलापूरकडची कुठलीही गाडी तापून आली की बॉनेट उघडायच्या आधी तो विचारतो म्हणे, "पहले ये बताओ, आगे की सीट पे अम्मा बैठी थी क्या?"