कोरी बीजं

पडदे शिवणाऱ्या त्या बाईच्या चुण्या कधी वाकड्या जात नसत. दुकानामागच्या खोलीत, मशीनच्या पिवळ्या दिव्याखाली तिने उमेदीची वर्षं काढली ती लोकांच्या खिडक्या झाकण्यात.

लग्नानंतर लगेचच तिला कॅन्सर निघाला. औषधांनी अंडाशय करपतील, आधी दोघांचे गर्भ करून गोठवून ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने हात झटकले. "मरायला टेकलेल्या बाईत माझं बी कशाला गुंतवू?" मग तिची स्त्रीबीजं तशीच गोठवली, कोरी. ती जगली. त्याने घटस्फोट घेऊन दुसरी केली.

दुसरीची कूस उजवेना. डॉक्टर म्हणाले, बीजं उसनी आणा. तेव्हा कुठे मायलेक पडदेवालीच्या दारात आले.

"अगं, तुझं ठेवलेलं आहे ना अजून?" जुनी सासू कापडाच्या ताग्यावर टेकत म्हणाली. "घराण्याचंच आहे ते."

"तुमच्या लेकाने त्यात काही घातलंच नव्हतं. घराणं कुठून आलं?"

त्याने घसा खाकरला. "झालं गेलं सोड. तुझं तरी काय अडलंय त्यावाचून?"

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"काल देऊन टाकली. संशोधनाला. वितळवून विजेचा हलका झटका देतात. बीजाला वाटतं, आपण फळलो. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. मग त्यातल्या पेशी काढून घेतात, आजारांवर इलाज शोधायला."

"आणि पुरुष?" त्याने विचारलं.

"लागत नाही."

"मूल?" म्हातारीचा आवाज चिरकला.

"होत नाही. कुणाचंच."

म्हातारी लेकाचा हात धरून उठली. उंबऱ्यात त्याचा पाय अडखळला, ते पडदेवालीने डोळे भरून पाहिलं.

खरं तर काल ती नुसती चौकशी करून आली होती. गर्भाशय धड आहे, दात्याचं बीज घेऊन अजून मूल होऊ शकेल, असं कळल्यापासून तिने खिडकीसाठी छोट्या पडद्याचं कापडही बाजूला काढलं होतं.

तिने मशीन झाकलं आणि दवाखाना गाठला.

"सगळी संशोधनाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "एखादं स्वतःला ठेवा."

"नको. एक जरी उरलं, तर त्या मायलेकांची दया येईल मला."