पुस्तकं नेणारा गँगमन

"वाचा दादा, मी आयकतो."

एवढं म्हणून ते डोळे मिटायचे. छापखान्याच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला आणि भिंतीला टेकवलेला लांब दांड्याचा हातोडा असायचा. आत माझ्या टेबलाशेजारी ते स्टुलावर ताठ बसलेले असायचे. मी कच्चा छाप वाचायला लागलो की त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, पण आवाज यायचा नाही. माझ्या वाचण्यात चूक आली की ओठ जागच्या जागी थांबायचे. मग मी मागे जाऊन ती ओळ पुन्हा बघायचो आणि चूक तिथेच असायची.

त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. तरी त्या काळात कर्जत आणि खालापूरकडच्या बौद्धवाड्यांमध्ये वंदनेची जी पुस्तकं पोहोचली, त्यातली कितीतरी या माणसाच्या खाकी पिशवीतून गेली. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात आली असतील. कोपऱ्यातून येतात, आपलं काम करून घेतात, आणि ती गेल्यावर कळतं की आपण त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

मी तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेत एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, जत्रेतल्या कुस्त्यांच्या जाहिराती, सोसायटीचे अर्ज, असलंच काम. ते रेल्वेत गँगमन होते. घाटाच्या पायथ्याला रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला दादा म्हणायचे. आज मी 'ते' लिहितोय. तेव्हा लिहिलं नसतं.

पहिल्यांदा आले तेव्हा हातात एक पातळ पुस्तक होतं. मुंबईच्या पाहुण्याने आणलेलं, पावसात भिजून फुगलेलं, शेवटची पानं गेलेली.

"ह्यात हाय तेवढं ह्यातनं घ्या," ते म्हणाले. "उरलेलं मी सांगतो."

मुंबईहून एक भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, आले होते. यांनी पंधरा दिवसांची रजा काढली आणि त्यांच्या मागे वाडीवाडीने हिंडले. रोज दोन वेळा ऐकून ऐकून सगळी वंदना, लग्नाचा विधी, माणूस गेल्यावर म्हणायचं ते, सगळं पाठ केलं. ते सांगत गेले आणि मी जुळवत गेलो.

पहिलाच छाप वाचताना ओठ थांबले. मी 'शरणं' जुळवलं होतं.

"श नाय दादा. स. सरणं."

मालक आतून बाहेर आले. चष्मा नाकावर खाली घेऊन म्हणाले, "अरे, शब्द शरण असाच आहे. आमच्या छापखान्यातून अशुद्ध बाहेर गेलेलं चालणार नाही."

"मालक, तुमच्यात श आसंल. आमच्या वंदनंत स हाय."

"लोक हसतील."

"हासू द्या. तसंच छापा."

आवाज चढवला नाही की स्टुलावरून उठले नाहीत. मालक चष्मा वर सरकवून आत गेले. मी श काढून तिथे स बसवला. पुढे मला कळलं की ते बरोबर होते. पालीत तो शब्द तसाच आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा दुपारी त्यांना विचारलं. ते भाकरीचं फडकं सोडून बसले होते. कांदा फोडला, एक घास खाल्ला आणि मग म्हणाले,

"आमच्या वाडीनं दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. म्होरल्याच पावसात माझा बाप गेला. जुनं म्हनायचं नाय, आन नवं येत नाय कोनाला. पुस्तक नाय. येवडी सगली मानसं खड्ड्याभवती हुबी, आन कोनाच्या तोंडातनं सबूद नाय. एकजन खोकला, तेवडाच आवाज. माती लोटली न घरी आलो." पाणी प्यायले. "मानसानं असं जाऊ नये, दादा."

आठवड्याच्या सुट्टीला ते पिशवी भरून पायी निघायचे. शेलूकडच्या वाड्या, इकडे चौक, लोधिवली. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. लोधिवलीच्या मागे एका वाडीत त्यांचा विहार होता. विहार म्हणजे कुडाच्या चार भिंती, वर पेंढा आणि आत पुठ्ठ्यावर चिकटवलेलं बुद्धाचं एक चित्र. वाडीत वाचणारी एकच, चौथी शिकलेली एक सून. कडेवर मूल घेऊन ती अडखळत वाचत होती. म्हातारी माणसं हात जोडून बसली होती, आणि ते दाराशी डोळे मिटून ओठ हलवत होते. वाचून झाल्यावर एका आजीने पुस्तक मागून घेतलं, कपाळाला लावलं आणि चित्रापुढे ठेवलं.

"आजे, तिथं ठेवू नको गं," ते म्हणाले. "तिथं ठेवशील तर उंदीर वाचंल. सूनबाईला रोज वाचाया लाव."

सगळे हसले. आजीही हसली. मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते तेवढंच.

आता आमच्या गावाचं सांगतो. गाव खालापूरकडचं, नाव लिहीत नाही. गावच्या बौद्धवाडीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. त्यावरून गावाने त्यांचं पाणी तोडलं, लावणीला बोलावणं बंद केलं, दुकानदाराला मीठसुद्धा देऊ नको म्हणून सांगितलं. अशात वाडीत एक लग्न निघालं, नव्या विधीने. विधी सांगायला आणि पुस्तकं द्यायला हे गेले. गावातली दहा-बारा माणसं काठ्या घेऊन मांडवात शिरली. पुस्तकं फाडून चिखलात तुडवली. आणि ही पुस्तकं कोणी आणली, असं विचारल्यावर ते आपणहून पुढे झाले. काठी त्यांच्या डाव्या कानावर बसली.

मी त्या दिवशी कर्जतला कामावर होतो. संध्याकाळी घरी गेलो. थोरला भाऊ आणि मी जेवायला बसलो. वहिनी वाढत होती. भाऊ जेवता जेवता म्हणाला, "तुज्याच छापखान्यातली पुस्तकं व्हती रं. मागं नाव हाय."

मी मान वर केली नाही. वहिनीने भात वाढला, तो खाल्ला. काय बोलायचं ते कळत नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. कळत होतं. बोललो नाही.

तीनेक आठवड्यांनी ते छापखान्यात आले. डोक्याला फडकं बांधलेलं, डावा गाल अजून काळानिळा. पुस्तकं नव्याने छापायची होती. मी स्टूल पुढे केलं, तर त्यांनी ते उचलून टेबलाच्या दुसऱ्या अंगाला ठेवलं. नेमका तेव्हाच हवालदार आला. वाडीने तक्रार दिली होती. पुस्तकं इथलीच का, हे त्याने मालकांना विचारलं आणि मग माझ्याकडे वळला.

"तू त्याच गावचा ना? मारायला कोण कोण होतं, काही कानावर आलं?"

"मी कर्जतला होतो," मी म्हणालो.

हवालदाराने ते लिहून घेतलं आणि गेला. गँगमन माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. माझी चूक सापडल्यावर ओठ थांबायचे ना, तसे ते थांबलेले होते.

मग म्हणाले, "वाचा दादा. ह्या अंगानं वाचा. तो कान गेला."

साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. तक्रार जागेवरच संपली.

कान गेल्याचं त्यांनी कामावर कळू दिलं नाही. "बोलू नका कुठं," मला म्हणाले. "गँगमनचं काम कानावर चालतं. कललं तर घरी बसवतील. मंग वाड्यांत जायाचं कशाच्या जोरावर? पोरी हायेत दोन." मला ते माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं. तिसऱ्या कोणाला नाही. पुढची दोन वर्षं ते घाटातल्या रुळांवर एका कानाने काम करत राहिले, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं, ही सबब मला सोयीची होती.

पौषातली सकाळ होती. दरीतून धुकं वर चढत होतं. घाटातून एक रिकामं इंजिन उतरत आलं. मुकादमाने शिट्टी दिली, टोळीतले सगळे बाजूला झाले. हे वाकून बोल्ट आवळत होते. इंजिन डाव्या अंगाने आलं.

मला दुपारी कळलं. मालकांनी छापखाना बंद केला. मालक असं करतील असं मला वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. स्टेशनपलीकडे गँगच्या लोकांच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची. दोघी मुली भिंतीशी बसल्या होत्या. त्यांच्या बायकोने मला गोणपाट अंथरून दिलं. मग ज्यासाठी गेलो होतो ते कसंबसं बाहेर काढलं.

"वहिनी, त्या दिवशी लग्नात मारणाऱ्यांत माझा थोरला भाऊ होता. मी हवालदाराला सांगितलं नाही. त्यांनाही नाही सांगितलं."

तिला नवल वाटलं होतं, पण मला वाटलं होतं त्याचं नाही.

"ते ठावं व्हतं की त्यांना," ती म्हणाली. "काठी त्यानंच मारली. तुमच्यावानीच तोंड हाय म्हनले. त्याच राती सांगितलं मला."

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

"मी पन तेच म्हनले. म्हनले, त्या मानसाच्या दारात परत कशाला जाता? तर म्हनले, दुसरा छापनारा कोन हाय आपल्याला?"

एवढं सांगून ती उठली आणि धाकटीला आंघोळीला घेऊन गेली. थोरली मुलगी माझ्याकडे बघत होती.

तिथून मी सरळ गावी गेलो. भाऊ खळ्यावर पेंढा रचत होता. मी त्याला म्हणालो, "तो माणूस गेला. इंजिनाखाली आला. ऐकू येत नव्हतं त्याला. तू मारल्यापासून येत नव्हतं."

भावाने पेंढी खाली ठेवली. घाम पुसला. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"कंचा रं?" त्याने विचारलं.