तिखटाचे हात आणि आमच्या वर्गाची वेबसाइट

सोमवारी प्रार्थनेनंतर आमच्या दुसरीच्या वर्गात इतकी शांतता होती की मला भीतीच वाटली. दुसरीचा वर्ग आणि शांतता... ज्यांनी शिकवलंय त्यांना कळेल.

पण आधी थोडं मागचं सांगते. मी नंदुरबारकडे, कोरीटजवळच्या एका खेड्यात शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या हौसेनं वर्गाची वेबसाइट केली. व्हिडिओ बघून शिकले, नवऱ्याचं डोकं खाल्लं, पोरांच्या चित्रांचे फोटो टाकले आणि पालकांच्या ग्रुपवर लिंक पाठवली. बघणारे कोण? मी आणि नवरा... तोही मी विचारीन या धाकानं.

पोरांना मात्र मी सांगून बसले होते, की आता तुमचं काम घरचे बघणार. रोशनी रोज सकाळी दप्तर ठेवायच्या आधी विचारायची, मायनं बघितलं का? वर्गातली सगळ्यात हळू बोलणारी पोर ही. वाचायला उभी केली की आवाज पुस्तकातच राहायचा. मी "बघेल गं" म्हणायचे आणि माझंच मन मला खायचं.

शेवटी उलगडा तिनंच केला. "मायना हात तिखटना ऱ्हातस मॅडम. ती मोबाईलले हात लावस नही."

खरंच की... आमच्याकडच्या बऱ्याच आया या दिवसांत नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जातात. मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली आणि बायका दिवसभर देठ खुडत बसलेल्या. त्या हातांनी फोटो कोण सरकवणार? त्यात बहुतेकींना वाचता येत नाही, आणि मी रंगीबेरंगी अक्षरं टाकून खूश होते.

मग फोटो कमी केले आणि पोरांचं वाचन शाळेच्या टॅबवर रेकॉर्ड करून टाकायला लागलो. बाहेरून ट्रॅक्टर जायच्या आत पटापट उरकायचं. आयांना सांगितलं, मिरचीला हात लावायच्या आधीच चालू करून ठेवा, एकामागून एक वाजत राहील. रोशनीचं वाचन परत परत घ्यावं लागायचं... तरी जेमतेम ऐकू यायचं.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर पथारीवर गेले. लांबूनच ठसका लागला. शिंकत शिंकत जवळ जाते तो काय, गोणीला टेकवलेल्या मोबाईलमधून रोशनी वाचत होती. बायका आणखी जवळ सरकून बसल्या होत्या. हात चालूच होते, आणि पुढचं वाक्य यायच्या आधीच दोघीतिघी ते पुटपुटत होत्या.

रोशनीची आई मला बघून उठली. "मॅडम, हाऊ धडा पाठ व्हयी गया. नवा कधी टाकशात?"

मी म्हटलं, आज तुम्ही बोला, तेही टाकते. तिनं आपल्या हातांकडे बघितलं, म्हणून मोबाईल मीच धरला. आधी नुसती लाजून हसली... मग बोलली.

तेच सोमवारी वर्गातल्या टीव्हीवर लावलं. "रोशनी, मी आयकं. सगळ्या बाया आयकतस. जोरमा वाच बेटा, दूर बसेल बायासले बी आयकू येवाले जोयजे."

तीच ती शांतता. रोशनी टीव्हीकडे बघत राहिली. मग न सांगता उठली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली... अशी, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मी टॅब हातात घ्यायचंही विसरले. वाचून झाल्यावर तिनंच आठवण केली, "मॅडम, रेकॉर्ड करा ना."

परत वाचलं तिनं. तेवढ्याच जोरात.

खरं सांगू, आज मला या पोरीचा फार फार अभिमान वाटतोय. आमची वेबसाइट बघणारे अजूनही मी आणि नवराच असू... ऐकणारी मात्र अख्खी पथारी आहे.