वडशातली दीर्घिका

वडशात नाटक कंपन्यांचे बोर्ड इतक्या दाटीवाटीने लागले आहेत की एका मॅनेजरला शिंक आली तर शेजारच्या दोघांची पोस्टरं हलावीत. दिवाळी झाली की इथूनच नाटकं झाडीपट्टीतल्या, म्हणजे इथल्या जंगल-तलावांच्या मुलखातल्या, गावोगावी सुटतात, रात्रभर लोकांना रडवतात आणि सकाळी परत येतात. अशाच दोन बोर्डांच्या मधल्या घरात मनसारामभाऊ राहायचे. ते नाटककार होते. निदान पोस्टरवर तसं छापून यायचं.

नागभीडजवळच्या गावात, तलावाच्या पाळीवर त्यांचं घर होतं, तेव्हा भाऊ दरवर्षी नवं नाटक द्यायचे. सकाळी तलावात जाळं टाकायचं आणि दुपारी ओसरीवर लिहायला बसायचं. बायको चंदाबाई भात वाढता वाढता बोलत राहायची. कोणाची सून माहेराहून परत आली नाही, कोणत्या भावाने भावाचा बांध कोरला, सगळं. भाऊ कावायचे, "जराशी चूप बस ना वं, मी लिहून राह्यलो." आणि जे ऐकलं तेच लिहायचे.

नाव झालं तसा भाऊंनी मुक्काम वडशाला हलवला. मोठ्या माणसाने मोठ्या माणसांत राहावं असा हिशेब होता. इथे त्यांना दार लागणारी स्वतंत्र खोली मिळाली, टेबल मिळालं, पंखा मिळाला. नाटक तेवढं मिळेना. हंगामामागून हंगाम कोरडे गेले.

त्यांची मुलगी भाग्यश्री पुण्यात आकाशाचा अभ्यास करते. उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा भाऊंनी सहज विचारलं की नेमकं काय शिकून राह्यली.

"दीर्घिका, बाबा. म्हणजे ताऱ्यांचं गाव समजा. एकटी असली का तिले बाहेरून थंडा ग्यास भेटत राह्यते अन् त्याचे नवे तारे बनते. पन दीर्घिकांच्या गर्दीत शिरली का तारे बनणं बंद पडते."

भाऊ उठून बसले. "काऊन?"

"एक तं त्या गर्दीतून जाताना तिचा सोताचा ग्यास उडून जाते. सायकलवर समोरून वारा लागते ना, तसा. दुसरं कारण चुपचाप होते. बाहेरून येणं बंद होते. जवळ असते तेवढं ती खर्चते, लय वर्षं चमकते बी. मंग नवं काहीच नाई. जुने लाल तारे तेवढे उरते."

"म्हणजे तिथी ग्यासच नसन."

"आहे ना, भरमार आहे. पन तापलेला. तापलेला ग्यास खाली बसत नाई, त्याचे तारे होत नाई."

चंदाबाई तिथेच मासे साफ करत होती.

दुसरं कारण भाऊंनी कानाआड केलं. पहिलं फारच सोयीचं होतं. दुसऱ्याच दिवशी पानठेल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी आळशी नाई, मी दीर्घिका आहो. ह्या वडशाच्या हवेनं माझा ग्यास उडवला." बाकीच्या लेखकांनाही हे विज्ञान एकदम पटलं. पोळ्यापर्यंत वडशातले निम्मे नाटककार दीर्घिका होऊन बसले होते आणि एकमेकांकडे संशयाने पाहत होते.

इकडे घराच्या मागच्या दाराने कंपन्यांमधल्या बाया चंदाबाईकडे यायच्या आणि मन मोकळं करून जायच्या. कोणी हसायची, कोणी पदराने डोळे पुसायची. भाऊ पाणी प्यायला आत आले की सगळ्या गप्प. भाऊंना वाटायचं, आपला केवढा हा मान.

दसरा झाला आणि कंपनीचा मालक निकेश आला. "भाऊ, नवीन नाई तं जुनंच लावतो. 'नांगरलेलं कपाळ'. पयली बुकिंग तुमच्याच गावची आली पाहा."

भाऊ खूश झाले. हेच त्यांचं सगळ्यात गाजलेलं नाटक. त्यात नवरा परमुलखात गेलेली बाई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते आणि सकाळी तोच शिळा भात स्वतः खाते. या प्रवेशाला मांडवच्या मांडव रडायचा. जेवताना त्यांनी ही आनंदाची बातमी चंदाबाईला सांगितली. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"ते ताट रुखमाचं हाय," ती म्हणाली.

रुखमा तिची धाकटी बहीण. तिचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो परतलाच नाही. ती त्याच गावात एकटी राहते.

"रुखमानं मले सांगतलं. मी तुमाले सांगतलं. तुमी माईक लावून सांगतलं. मंग पोट्टे संध्याकाळी तिच्या कुडाच्या फटीतून ताट पाहाले येऊ लागले. तिनं ताट वाढणं सोडलं, अन् माझ्याशी बोलणं सोडलं. तवाच मी ठरवलं, तुमाले आता काहीच सांगाचं नाई."

"अन् त्या मागच्या दारानं येते त्या बाया?"

"सगळ्याइचं माहीत हाय मले. निकेशच्या घरचं बी माहीत हाय."

भाऊंना राग आला. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा जास्त वेळ टिकली. उन्हाळ्यापासून ज्या वडशाच्या हवेला दोष दिला ती बिचारी निर्दोष निघाली होती. त्यांनी भाग्यश्रीला फोन लावला. "बंद पडलेली दीर्घिका वापस चालू होते का वं?"

"बहुतेक नाई होत, बाबा."

"बहुतेक म्हणजे?"

"एखादीले बाहेरून थोडा थंडा ग्यास भेटला तं होते. पन लय कमी."

सकाळी भाऊ निकेशकडे गेले आणि म्हणाले, ताटाचा प्रवेश काढून टाक. निकेश समजावून थकला. "भाऊ, लोकं त्याच्याचसाठी येते. जेवणातून भात काढला तं राह्यते का काही?" भाऊ हटले नाहीत. प्रवेश राहिला तर लेखक म्हणून माझं नाव काढ, असं म्हणाले. भाऊंनी स्वतःचं नाव काढायला सांगितलं, हे ऐकून निकेशला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

गावात नाटक पडलं. लोक रुमाल काढून तयार बसले होते, आणि ताटाच्या जागी विनोदी नट नाचत आला. मागून आरडाओरडा झाला, "ताट कुठी हाय?" ज्या गावाने नाव दिलं त्याच गावात भाऊ पडद्याआड उभे राहून शिव्या ऐकत होते. चंदाबाई बायकांत बसली होती. रुखमा आली नव्हती. पण गावात लाउडस्पीकर लागल्यावर नाटक घरी बसूनही चुकवता येत नाही. ती पहाटेपर्यंत धास्तीने त्या प्रवेशाची वाट पाहत जागी होती.

सकाळी पाळीवरच्या जुन्या घरासमोर रुखमा येऊन उभी राहिली. भाऊंकडे तिने पाहिलं नाही. "बाई, तलावावर येतं का?" एवढंच थोरल्या बहिणीला म्हणाली. दोघी गेल्या त्या ऊन चढल्यावर परतल्या.

दुपारी भाऊ जेवायला बसले. न राहवून त्यांनी विचारलं, "का म्हणे रुखमा?"

"काही नाई," चंदाबाई म्हणाली. भाऊंनी मान खाली घातली. चंदाबाईने भात वाढला, वरण वाढलं, आणि कितीतरी वर्षांनी ताटाजवळ बसकण मारली. "ऐकता का, इतवारीच्या बकरीनं काल सरपंचाच्या मांडवाची झालर खाल्ली. अन् इतवारी म्हणते, बकरी माझी नोहोच."

भाऊंचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. "हे लिहू का?" त्यांनी विचारलं.

"आधी पुरं ऐका. लिहाचं मंग पाहू."

भाऊंनी पेन काढून दूर ठेवलं आणि भात कालवत ऐकत राहिले.